बाजार वगळून

तोफा सुरू झाल्या की आमच्या इंदिरानगरच्या घरातल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. सून म्हणते, "सराव चाललाय, बाबा. तुम्ही जेवा." मी ताटावरून उठतो. तिला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलेलंच आहे, पण ते आज नाही, पन्नास वर्षांपूर्वी फिरलं, आणि कशानं फिरलं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं आणि वाचून खुशाल मला शिव्या घालाव्यात.

तेवीस वर्षांचा असताना मी नाशिकपासून चार कोसांवरच्या एका गावी मास्तर म्हणून लागलो. एक खोली, चार इयत्ता, मास्तर एकटा मी. गावाच्या उगवतीला गोऱ्यांची छावणी होती, आणि गाव नि छावणी यांच्या मधलं माळरान गावाची गुरं चरायचं गायरान होतं. म्हणजे गाव त्याला गायरान म्हणे. छावणीच्या नकाशावर ती चांदमारी होती, तोफांचा नेम धरायचं मैदान. नाव तरी बघा काय! चंद्रानं यांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. आमच्या गायरानानं तर नक्कीच काही मारलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा वर्षाकाठी पंधरा-वीस दिवस तोफा वाजत. टेकडीवर लाल निशाण चढलं की गुराखी गुरं वळवत, निशाण उतरलं की पुन्हा सोडत. पहिला बार झाला की शेजारची म्हातारी म्हणे, "उठला गं बया साह्येब, न्याहारी मागतूय." लोकांनी त्या आवाजाशी जमवून घेतलं होतं.

मग तिकडे युरोपात चुळबूळ सुरू झाली. दोन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र माझ्याकडे नाशिकहून यायचं आणि मी ते संध्याकाळी चावडीवर मोठ्यानं वाचायचो. शिकलेपणाची ऐट मिरवायची तेवढीच जागा होती मला. एकानं दुसऱ्याचा मुलूख गिळला, तिसऱ्यानं त्याला मान डोलावली, चौथा मूग गिळून बसला, असल्या त्या बातम्या. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, ह्यो मुलूख वणीच्या पल्याड का?"

"त्याच्या फार पल्याड. समुद्र ओलांडून."

"मंग आपल्याला काय त्येचं?"

"काही नाही," मी म्हणालो. एवढ्या ठसक्यात म्हणालो की म्हाताऱ्याला हायसं वाटलं.

दिवाळी व्हायच्या आत छावणीत नव्या पलटणी उतरल्या. इगतपुरीचा घाट चढून गाड्यांमागून गाड्या येत होत्या, त्यात कोवळी लाल तोंडांची पोरं आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा. तिकडे नकाशावर कुणी रेघ पुसली की इकडे आमच्या विहिरीचा कठडा हलायचा. पंधरा-वीस दिवसांची चांदमारी रोजची झाली. गाभण म्हशी गाभडल्या. एक वासरू पोटात लोखंड घेऊन घरी आलं आणि दारातच बसलं ते बसलंच. कुणाचं भांडण, कुणाचा मुलूख, आणि मेलं कोण? आमचं वासरू! मला आजही हे लिहिताना तिडीक उठते.

गावानं चिडून छावणीचं दूध तोडलं. पाचव्या दिवशी पाटलाला बोलावून असा दम भरला की सहाव्या दिवशी दूध बिनबोभाट सुरू. गोऱ्यांवर राग काढता येईना, मग तो निघाला आपसात. गायरान गेल्यावर ओढ्याकाठची पट्टी तेवढी चरायला उरली, आणि तिच्यावरून वरची आळी नि खालची आळी एकमेकांच्या उरावर बसल्या. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या एका पंगतीला जेवणं केली त्यांनी एकमेकांच्या गुरांच्या शेपट्या पिरगाळल्या, कुऱ्हाडी दाखवल्या. तोफा गोऱ्यांच्या, डोकी मात्र आमची आमच्यात फुटली. शाळेतसुद्धा दोन आळ्यांची मुलं दोन भिंतींना बसू लागली.

या गावचा येसकर म्हणजे वेशीबाहेर राहणारा, गावाची राखण करणारा आणि दवंडी देणारा चाकर. चाळिशीचा, काटक, डफावर टिपरी पडली की दोन शेतं पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. त्याला वाचता येत नव्हतं. सरकारी कागद आला की तो शाळेच्या ओसरीखाली उभा राही. मी वाचायचो, तो मनात धरायचा. दोनदा ऐकलं की बास. वेलांटीसुद्धा फिरवत नसे. "कागुद जसा बोलंल तसा मी बोलनार, मास्तर," म्हणायचा, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान होता! वाचून झालं की कागद चावडीच्या दाराला खळीनं चिकटवायचं काम त्याचंच. तो ओंजळ पुढे करी आणि मी वीतभर वरून तिच्यात कागद टाकी. हाताला हात लागू नये म्हणून. सगळेच तसं करायचे. मीही करायचो, आणि त्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. गांधीटोपी घालून करायचो, हेही लिहून टाकतो.

दिवाळीनंतर छावणीतून एक कागद आला. वर चार ओळी इंग्रजी टाईप केलेल्या, खाली छावणीतल्या कारकुनाच्या हातचं मराठी: "बाजार वगळून ओढ्यापर्यंतचे सर्व रान पुढील हुकूम होईतो दररोज बंद राहील. आत येणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी सरकारवर नाही."

आता आमच्या भागात बाजार म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. बाजार म्हणजे दिवस. नाशिकचा बाजार म्हणजे बुधवार. "बाजारी ये" म्हटलं की माणूस बुधवारी येतो. माझ्या शाळेची आठवड्याची सुट्टीही बाजाराचीच होती, मुलं तिला नुसतं 'बाजार' म्हणत. मी कागद वाचला आणि माझ्या डोक्यात बुधवार उभा राहिला. दुसरं काही उभं राहायला तिथे जागाच नव्हती.

येसकरानं विचारलं, "वगळून म्हंजी?"

"सोडून. बाजार सोडून," मी करवादलो. मुलं गलका करत होती.

"म्हंजी बुधवार सोडून."

"हं," मी म्हणालो.

एवढंच. एक हं. पण खरं सांगायचं तर तेवढंच नाही. इंग्रजीच्या माझ्या तीन इयत्ता झाल्या होत्या. वरच्या ओळींत 'बाजार' हा शब्द होता आणि त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं होतं. ते मोठं बी मी पाहिलं. त्यावर बोटही ठेवलं. इंग्रजीत मोठं अक्षर नावाला येतं, गावाच्या, पेठेच्या, माणसाच्या. दिवसाच्या बाजाराला नाही येत. त्यांच्या छावणीत दुकानांची एक वसाहत होती, तिला ते बाजार म्हणत. ती जागा चांदमारीच्या कडेला लागून होती, तेवढी जागा वगळून बाकी रान बंद, असा त्या कागदाचा अर्थ. आपल्या लिपीत मोठं नि लहान अक्षर नाही. मराठीत उतरताना ते बी खाली पडलं आणि जागेचा दिवस झाला. मी मनात म्हटलं, टाईप करणाऱ्यानं नखरा केलाय. आणि कागद त्याच्या ओंजळीत टाकला.

तिसऱ्या प्रहरी दवंडी झाली. "ऐका होऽ ऐका! बुधवार सोडून रोज रान बंद होऽ!"

पहिल्या बुधवारी तोफा वाजल्या नाहीत. का, ते गोऱ्यांनाच ठाऊक. पण गावाची खात्री पटली. लाल निशाण टेकडीवर होतं, पण ते हल्ली उतरवतच नसत. रोजच्या रोज चढउतर करायचा शिपायांना कंटाळा, ते फाटून लक्तर झालं होतं. त्याच्याकडे आता कावळेही बघत नव्हते.

दुसऱ्या बुधवारी सकाळी सहा-सात बायका जळणाच्या मोळ्या घेऊन नाशिकला निघाल्या. चांदमारीतून गेलं की दीड कोस वाचत होता. ओढ्याशी आल्यावर लांब कुठेतरी धप्प झालं. बायका थबकल्या. त्यांच्यात येसकराची बायको होती. मागाहून त्या बायकांनीच मला सांगितलं, ती हसली आणि म्हणाली, "अगं, आज बाजार हाय. माझ्या मालकानं सोता दवंडी दिलीया. चला, मी फुडं हुते." आणि झाली पुढे.

मी त्या वेळी सायकलवरून हमरस्त्यानं नाशिकला चाललो होतो. मला चांदमारीतून जायची भीती वाटायची म्हणून मी कधीच तिकडून जात नसे. दवंडी माझी, आणि रस्ता हमरस्ता.

गोळा तिच्यापासून बराच लांब पडला म्हणतात. तुकडा तेवढा उडाला. बैलगाडीतून तिला नाशिकच्या इस्पितळाकडे नेत होते, नाशिकची वेस यायच्या आत ती गेली. येसकर गाडीबरोबर पायी धावत होता. बाकीच्या बायका मोळ्या तिथेच टाकून पळाल्या होत्या. त्या मोळ्याही नंतर कुणी आणल्या नाहीत.

आठवड्यानं चौकशी आली. छावणीतला एक साहेब, तालुक्याचे अंमलदार, आणि साहेबाचं बोलणं उलगडून सांगायला तोच कारकून, ज्याच्या हातचं ते मराठी. चावडीवर खुर्च्या मांडल्या. सगळा गाव जमला, दोन्ही आळ्या. साहेबाला घाई होती, तो सारखा घड्याळ बघत होता. त्याला एकच गोष्ट ठरवून हवी होती: बुधवारी रान मोकळं, असं कुणी सांगितलं?

येसकर हात जोडून खाली उभा होता. "मी सांगितलं, सरकार. कागुद बोलला तसंच."

साहेबानं चावडीच्या दारावरचा कागद उचकटून आणवला आणि माझ्या हातात दिला. "वाच."

मी उभा राहिलो. त्या क्षणी मला मोठं बी दिसत होतं, भिंतीएवढं. माझी नोकरी दिसत होती. नाशिकात माझ्या पैशांची वाट बघणारी आई दिसत होती. हे सगळं दिसत होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, पार पाचावर धारण बसली होती, बाकी काही नाही.

मी खणखणीत आवाजात वाचलं: "सदर बाजार वगळून ओढ्यापर्यंतचे सर्व रान..."

सदर. कागदावर नसलेला एक शब्द. सदर बाजार म्हटलं की छावणीतली ती दुकानांची वसाहत, दुसरं काही होऊच शकत नाही. कारकुनाची मान झटकन वर आली. आपण सदर लिहिलेलं नाही हे त्याला माहीत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानं मान खाली घालून ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाला, अर्थातच, बाजार, दुसरं काय! त्याच्या कागदात मोठं बी होतंच.

"मग बुधवार कुठून आला?" अंमलदारांनी विचारलं.

येसकर माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. रागानं बघता तर बरं झालं असतं. शाळेतला मुलगा गणित चुकल्यावर फळ्याकडे बघतो तसा बघत होता.

"मी बुधवार म्हनलो, मास्तरांनी हं केलं," तो म्हणाला.

"मास्तर, केलंत?"

"आठवत नाही."

मग तो येसकर, ज्यानं जन्मात वेलांटी फिरवली नव्हती, तो म्हणाला, "मास्तर म्हनत्यात तसंच आसंल, सरकार. सदर मी ऐकलंच नाय. माज्या कानानंच घात केला."

झालं. साहेब उठला. जाताना कारकुनानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावा एवढीही हिंमत मला झाली नाही.

येसकरकी त्याच्याकडून काढून त्याच्या भावकीतल्या दुसऱ्याला दिली. दोन-अडीच महिने एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या वरच्या आणि खालच्या आळ्या याच्यावर तुटून पडायला मात्र एक झाल्या. "बायकुला खाल्लीस, मेल्या, आमच्या लेकीबी खानार हुतास!" त्याच्या झोपडीवर दगड पडले. गोऱ्यांच्या छावणीवर यातल्या एकानंही कधी खडा मारला नव्हता. तो डफ तिथेच ठेवून गाव सोडून गेला, आणि जाताना फक्त तो कागद घेऊन गेला. चौकशीनंतर तो कागद चावडीच्या पायरीवर पडला होता, कुणाला नको होता.

पुढचं मी पाहिलं ते नाशिकच्या बाजारात. गोदेच्या काठी बुधवारी पाय ठेवायला जागा नसे. तिथे तो हमाली करत होता. मी भांड्यांच्या दुकानाआड उभा राहिलो. एका मुसलमान कापडवाल्यापुढे तो जाऊन उभा राहिला, चष्मा लावलेला गृहस्थ, मालेगावकडची लुगडी विकायला बसलेला. येसकरानं खिशातून कागद काढला, दोन्ही हातांनी उलगडून त्याच्या पुढ्यात धरला.

"एवढं वाचता का, चाचा?"

त्यानं वाचलं. "बाजार वगळून ओढ्यापर्यंतचे..."

"म्हंजी काय?"

"म्हणजे काय! बाजार का दिन छोडके, बाकी रोज बंद. सीधी बात हाय."

"सदर नाय त्यात?"

"कुठाय सदर?"

"परत वाचा," येसकर म्हणाला. त्यानं परत वाचलं. येसकरानं कागदाची घडी घातली आणि पाटी उचलून चालता झाला.

मी तसाच पळालो. पुढच्या बुधवारी पुन्हा गेलो, पुन्हा लपलो. कधी तो भटजीला थांबवी, कधी वकिलाच्या कारकुनाला, कधी पाटीदप्तर घेतलेल्या पोराला. सगळ्यांना तेच विचारी, म्हंजी काय, सदर हाय का. सगळे तेच सांगत. आणि तरी पुढच्या बुधवारी तो कागद नव्या माणसापुढे धरलेला असे. मला कळत नव्हतं याला अजून काय हवंय. चिडायचो मी त्याच्यावर, विश्वास ठेवा. मनात म्हणायचो, पुरे की आता, किती छळशील!

मग ती लढाई खरोखरच जाहीर झाली. छावणी एकदम रिकामी झाली, भरली, पुन्हा रिकामी झाली. त्या हिवाळ्यात एका बुधवारी भांड्यांच्या दुकानाआड मी उभा होतो आणि मागून आवाज आला, "मास्तर."

पळायला वाट नव्हती. तो वाळला होता. त्यानं कागद उलगडून माझ्यापुढे धरला. घड्यांवर झिजून त्याची चार फडकी व्हायचीच बाकी होती.

"वाचा."

मी वाचलं. जे होतं ते.

"सदर कुठाय?"

"नाही."

"झिजून गेलं का?"

"नव्हतंच. मी घातलं."

माणसं आम्हांला ढोसत जात होती. तो म्हणाला, "समद्यांनी हेच वाचलं, मास्तर. पर त्या दिशी तुमी वाचलं हुतं. तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर कसं खरं धरू? मला वाटायचं, माज्याच तोंडानं ती मेली."

"नाही रे. नाही. माझ्या." मला रडू फुटलं, भर बाजारात. "चल, आत्ता छावणीत जाऊ. साहेबासमोर मी सांगतो. तुझी येसकरकी परत मागू."

तो हसला. "साह्येब गेला लढाईवर. कारकूनबी गेला बोटीत बसून. कुनाला सांगनार? ज्येंच्यासाठी ती मेली त्येंना ठावं तरी हाय का आपलं गाव?"

"मग दे तो कागद," मी म्हणालो. "मी त्याच्यावर लिहून देतो. सही करतो." आणि मी हात पुढे केला, त्याच्या हाताला लागेल इतका पुढे.

त्यानं कागदाची घडी घातली, नेहमीसारखी, सावकाश. मग आपला हात वर नेला आणि वीतभर वरून तो कागद माझ्या तळहातावर टाकला.